डावीकडच्या सीटवरचा ड्रायव्हर

आमची गाडी दिसायला साधी आहे. लाल, बुटकी, पाच दारांची. भाजी आणायला आणि पाहुण्यांना स्टँडवर सोडायला घेतात तसली. तिच्या पोटात काय दडलंय हे नवऱ्याशेजारी बसल्याशिवाय कळायचं नाही. असल्या लहान अंगाच्या पण तिखट गाड्यांना त्याच्या मंडळींत हॉट हॅच म्हणतात. मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो बीड बायपासवरच्या एखाद्या हॉटेलातला खाण्याचा प्रकार वाटला होता. सासरी पाचोडला गाडी दाखवायला नेली, तर सासूबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, मागचं दार उघडून आत वाकून बघितलं आणि एवढ्या पैशात ट्रॅक्टर आला असता म्हणाल्या. नवरा हसला. त्या मात्र गमतीनं म्हणत नव्हत्या.

त्यानं ती शोभेसाठी घेतली नव्हती, एवढं खरं. सिडकोतल्या आमच्या फ्लॅटवरून वाळूजच्या कंपनीत जायला तीच, मोंढ्यातून गव्हाचं पोतं आणायला तीच, आणि वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, दक्षिणेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर जायलाही तीच. तिथं ठरावीक दिवशी आधी नाव नोंदवून कुणालाही आपली गाडी ट्रॅकवर पळवता येते. त्याला ट्रॅक डे म्हणतात. जाताना मागच्या सीटा पाडून तो टायरचा दुसरा जोड, जॅक आणि हवेचा पंप भरायचा, आणि त्या सगळ्याच्या वर सासूबाईंचे धपाटे. ट्रॅकवर सोडण्याआधी तिथले लोक गाडी तपासतात, काही लोंबतं, सुटं ठेवू देत नाहीत. म्हणून सासूबाईंनी पुढं बांधलेलं लिंबू-मिरची तो सोडवून डिकीत ठेवायचा आणि परतताना पाचोड यायच्या आधी कुठंतरी थांबून पुन्हा बांधायचा. सोमवारी हीच गाडी कंपनीच्या पार्किंगमध्ये इतर गाड्यांच्या रांगेत शहाण्यासारखी उभी असायची.

ट्रॅकसाठी वेगळी गाडी का घेत नाही, असं त्याला लोक विचारायचे. रोज जिच्यात बसून ऑफिसला जातो तिलाच पळवण्यात मजा आहे, असं तो म्हणायचा. मला ते तेव्हा नीट कळायचं नाही. मला वाटायचं, परवडत नाही म्हणून असं म्हणतोय.

थंडीत गाडी चालवण्याचे त्याचे काही नियम होते. सकाळी टायर गार असतात, रस्ता धरत नाहीत, तेव्हा गाव सुटेपर्यंत घाई करायची नाही. उसाच्या हंगामात शेतातून ट्रॅक्टर वर येतात, त्यांच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि दवानं ती निसरडी होते. रस्त्याचा रंग बदललेला दिसला की आधी वेग कमी करायचा, वळायचं नंतर. आणि धुकं असलं की पुढं उसाची ट्रॉली आहे असंच धरून चालायचं, कारण बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. हे तो मला शिकवत नव्हता. गाडी चालवताना स्वतःशीच बोलायची त्याला सवय होती आणि मी शेजारी बसून ऐकायचे.

आमचं लग्न ठरवून झालेलं. घरात, विशेषतः पाचोडच्या घरात, मी त्याला अजून अहो म्हणते. पण लग्नानंतर पहिल्यांदा दोघंच वेरूळला निघालो होतो, तेव्हा दौलताबादच्या पुढं मी घाबरून अहो, हळू चालवा, असं म्हणाले. गाडीत अहो म्हटलेलं ऐकू येत नाही, असं तो म्हणाला आणि खरोखरच हळू केली नाही. मग मी अरे म्हणाले. तेव्हापासून गाडीचं दार लागलं की तो 'तू' होतो आणि उघडलं की 'तुम्ही'. त्यामुळं आमची खरी भांडणं आणि खऱ्या गप्पा सगळ्या गाडीतच झाल्या आहेत.

पहिली फीट त्याला कंपनीच्या कँटीनमध्ये आली. जेवणाचं ताट घेऊन उभा होता, तसाच कोसळला. शुद्धीवर आला तेव्हा कुणीतरी त्याच्या नाकाशी चप्पल धरली होती. आमच्याकडं फीट आलेल्या माणसाला कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. त्याचा उपयोग काही नसतो, पण लोक करतात आणि आपुलकीनंच करतात. कपाळावरचे टाके त्यानं सगळ्यांना दाखवले. चपलेची गोष्ट मात्र मलासुद्धा फार दिवसांनी सांगितली, गाडीत, खिडकीबाहेर बघत.

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या आणि गाडी चालवणं बंद म्हणून सांगितलं. वर्षभर एकही फीट आली नाही तर पुढचं बघू, मध्ये आली तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून. नवऱ्यानं विचारलं, वर्षानंतर ट्रॅकवर जाता येईल का? डॉक्टरांना वाटलं तो पळायच्या ट्रॅकबद्दल विचारतोय. वर्षानंतर कशाला, आत्तापासून जा, व्यायाम चांगलाच, असं ते म्हणाले. आम्ही दवाखान्याच्या जिन्यात येऊन पोट धरून हसलो. हसता हसता तो रडायला लागला, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून खालून वर येणाऱ्या लोकांना वाट करून देत राहिले.

माझ्याकडं लग्नाआधी काढलेलं आणि कधी न वापरलेलं लायसन्स होतं. मी शाळेत गणित शिकवते आणि तोवर माझं सगळं जग स्कूटीवर चाललं होतं. आता सकाळी त्याला वाळूजला सोडायचं, तिथून उलट शाळेत यायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. तो डावीकडं बसायचा. सुरुवातीला त्याचा पाय नसलेला ब्रेक दाबायचा, आणि प्रत्येक सिग्नलला मी गाडी बंद पाडायचे.

शिकवायला त्याच्याकडं एकच शब्द होता, सोड. क्लच सोड, ब्रेक सोड, गिअरवरचा हात सोड, त्या रिक्षावाल्याचा नाद सोड. काय सोडायचं ते आवाजावरून ओळखायचं. पावसाळा संपल्यावर त्याच्या गाडीवेड्या मंडळींनी दरवर्षीप्रमाणे शेंद्र्याकडं एका बंद कारखान्याचं आवार रविवारांपुरतं मिळवलं, शंकू मांडून नेहमीची वळणावळणाची वाट आखली, आणि तो मला तिथं घेऊन गेला. मी नाही म्हणत होते. तो म्हणाला, गाडीला तरी पळू दे, ती काय आजारी नाही. मी किल्ली घेतली.

पहिल्या फेऱ्या नीट झाल्या. मग एका लांब वळणावर तो म्हणाला, सोड. वळण संपलं, स्टिअरिंग सैल सोड, गाडी आपोआप सरळ होईल, असं त्याला म्हणायचं होतं. मी अॅक्सिलरेटर सोडला. या गाडीचं सगळं ओझं पुढं असतं. भर वळणात पाय उचलला की मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं बूड पुढं यायला बघतं. आमचंही आलं. एक शंकू उडाला, दुसरा उडाला, धुळीत काही दिसेना, आणि धूळ बसली तेव्हा आम्ही जिकडून आलो तिकडं तोंड करून उभे होतो. मला वाटलं आता हा चिडणार. तो सीटबेल्टमध्ये अडकून इतका हसत होता की त्याला बोलता येईना.

"अगं, स्टिअरिंग सोड म्हणलो मी," एवढंच त्याला कसंबसं सांगता आलं.

दवाखान्याच्या त्या जिन्यानंतर तो असा हसताना मी पहिल्यांदा बघत होते. घरी येईपर्यंत आम्ही अधूनमधून हसत होतो. तो रविवार मी अजून जपून ठेवला आहे.

त्यानंतर एक अवघड गोष्ट झाली. मला गाडी आवडायला लागली. नुसती आवडली नाही, चांगली जमायला लागली. वळणात शिरताना ब्रेकवरचा पाय हळूहळू काढायचा, बाहेर पडायची जागा दिसली की मगच गाडीला जोर द्यायचा, हे मला कुणी न सांगता कळायला लागलं. पोरांना गणित समजावताना जे सुख होतं तसलंच काहीतरी सुख यात होतं. एका रविवारी घड्याळ लावणाऱ्या माणसानं माझी वेळ वाचून दाखवली आणि ती नवऱ्याच्या गेल्या वर्षीच्या वेळेच्या अगदी जवळ निघाली. नवऱ्यानं सगळ्यांना ओरडून सांगितलं, माझी बायको आहे म्हणाला. मग पाणी प्यायला म्हणून कंपाउंडच्या भिंतीकडं गेला आणि बराच वेळ तिकडंच उभा राहिला. मला त्याच्या मागं जावंसं वाटलं आणि गेले नाही.

वर्ष संपत आलं. फीट आली नव्हती. गोळ्यांनी तो सुस्तावला होता, वजन वाढलं होतं, पण चेहऱ्यावर जुनी चमक येत होती. त्यानं थंडीतल्या ट्रॅक डेसाठी स्वतःचं नाव नोंदवलं. नवे टायर आणून बाल्कनीत एकावर एक रचले. रोज सकाळी चहाचा कप घेऊन तो त्यांच्यापाशी उभा राहायचा. त्या दिवसांत मी देवाकडं दुसरं काही मागितलं नाही.

अशातच एका रविवारी आम्ही सकाळी लवकर पाचोडला निघालो. आडूळच्या पुढं धुकं एकदम दाट झालं. मी वेग कमी केला. तो डावीकडून पुढचं सांगत होता, नेहमीसारखं. मोटरसायकल आहे. आता मोकळं. कडेला माती आलीय, सांभाळ. पुढं ट्रॉली असंल, जरा...

वाक्य तिथंच राहिलं. मी काय म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही. मी वळून बघितलं तर तो समोर बघत होता, पण त्याला काही दिसत नव्हतं. ओठ काहीतरी चघळावं तसे हलत होते आणि उजवा हात जर्किनची चेन वर-खाली, वर-खाली करत होता. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग मी रस्त्याकडं बघितलं तेव्हा धुक्यातून उसाचा ढीग काचेवर आल्यासारखा पुढं आला. मी ब्रेक दाबला. गाडी थरथरत ट्रॉलीच्या मागं येऊन जवळजवळ थांबली. ट्रॉली आपल्या चालीनं पुढं गेली.

"ट्रॉली," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "लई जवळ आलीस गं. ध्यान कुठाय तुझं?"

त्याला काही कळलं नव्हतं. मधला वेळ त्याच्यासाठी झालाच नव्हता. मला एकच गोष्ट दिसत होती, की या सीटवर तो असता तर.

पाचोडला सासूबाईंनी गरम भाकरी वाढल्या. वाढता वाढता विचारलं, "आता कवा चालवणार रं गाडी? बायकोच्या बाजूला बसून येतंय म्हून लोकं इचारतेत मला." पुढच्या महिन्यात, असं तो म्हणाला आणि दूध मागून घेतलं. मी खाली बघून जेवले.

पुढचे काही दिवस मी कुणालाही काही बोलले नाही. आपल्याला भास झाला असेल, असं मी स्वतःला सांगून बघितलं. तो विचारात असेल, झोप लागली असेल, चेनशी खेळायची त्याला सवयच आहे. पण झोपलेला माणूस असा बघत नाही. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. मी सांगितलं तर गाडी माझ्याकडंच राहणार होती. खरं बोलण्यात माझा फायदा होता, आणि म्हणून मी बघितलं ते खरंच बघितलं का, याचीच मला शंका यायला लागली. रात्री त्याच्या घोरण्याकडं लक्ष देत पडून राहायचे आणि आवाज बदलला की उठून बसायचे.

शेवटी मी सांगितलं. शाळा सुटल्यावर त्याला कंपनीतून घेऊन घरी आलो होतो, गाडी इमारतीखाली लावली होती, आणि मी दार उघडलं नाही. ओठ, चेन, ट्रॉली, सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर तो डॅशबोर्डवरची धूळ बोटानं पुसत राहिला.

"मला तर काय आठवत नाय," तो म्हणाला.

आठवणार नाही, म्हणूनच सांगतेय, असं मी म्हणाले.

"तुला आता स्टिअरिंग सोडवत नाय, असं म्हण की सरळ."

एवढं बोलून तो उतरला. मी तिथंच बसून राहिले. रडू येत नव्हतं, इतका राग आला होता. आणि राग अशासाठी, की स्टिअरिंग मला खरोखरच सोडवत नव्हतं. ते त्याला माहीत होतं, कारण ते प्रेम त्यानंच मला शिकवलं होतं.

डॉक्टरांसमोर मला तेच पुन्हा सांगावं लागलं, या वेळी अहो-जाहो करत. त्यांनी मला बारीकसारीक विचारलं. हात कोणता, हाकेला ओ दिली का, नंतर काय बोलले. मग त्याला विचारलं, तुम्हाला यातलं काय आठवतं? आमचे हे माझ्याकडं बघून काही नाही म्हणाले. त्या क्षणी त्याला काहीही थाप मारता आली असती. विचारात होतो म्हणाला असता तर विषय कदाचित तिथंच मिटला असता. त्यानं मारली नाही, आणि तेवढ्यासाठी मी त्याला सगळं माफ केलं. न पडता येणारी हीसुद्धा फीटच असते, डॉक्टर म्हणाले. गोळ्या बदलल्या. वर्ष पहिल्यापासून. मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की गाडी पुन्हा हातात येईलच असं मनात धरून बसू नका. नवऱ्यानं या वेळी ट्रॅकबद्दल काही विचारलं नाही.

बाल्कनीतले टायर त्यानं मंडळींतल्या एकाला देऊन टाकले. ट्रॅक डेला तू जा, माझ्या जागी तुझं नाव घालतो, असं तो मला म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. मी गेले नाही. शेंद्र्याच्या आवारातही मी परत गेले नाही. त्यानं कधी कारण विचारलं नाही.

आता पुन्हा थंडी आली आहे. गाडी मीच चालवते. तो डावीकडंच बसतो, पण पुढचं सांगत नाही. तोंड खिडकीकडं करून बसतो, म्हणजे मला त्याचा चेहरा दिसू नये. मी सारखी मान वळवते हे त्याच्या लक्षात आलं होतं. माझ्याकडं बघू नको, रस्त्याकडं बघ, एवढंच तो म्हणाला. त्याचं बरोबरच आहे. धुक्यात माझी मान वळली होती म्हणून ट्रॉली तेवढी जवळ आली.

मग मी दुसरा उपाय शोधला. मी विचारते. दुसरा गिअर टाकू की तिसरा? या ट्रकच्या पुढं काढू का? इथून आत वळायचं ना? मला हे सगळं येतं. मला येतं हे त्याला ठाऊक आहे, आणि मी का विचारते तेही ठाऊक आहे. तरी तो उत्तर देतो. तिसरा. थांब. काढ आता. उत्तर आलं की मी पुढच्या वळणापर्यंत निश्चिंत असते. लोकांना वाटतं, एवढी वर्षं झाली तरी हिला अजून नवऱ्याला विचारल्याशिवाय गाडी चालवता येत नाही.

परवा देवगाव रंगारीला एका लग्नाला गेलो होतो. परत येताना संध्याकाळ झाली. वेरूळ मागं टाकून घाट चढायला लागलो आणि पहिल्या वळणाआधी मी विचारलं, दुसरा की तिसरा? तो खिडकीकडं तोंड करून होता. उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं. मग हाक मारली. कडेला एक पेरूवाली टोपली घेऊन बसली होती, तिच्या अलीकडं मी गाडी खाली घेतली, बेल्ट काढला आणि त्याचा खांदा धरून त्याला माझ्याकडं फिरवलं.

डोळे स्वच्छ होते. तो माझ्याकडंच बघत होता.

"मला काय झालेलं नाय," तो म्हणाला. "नुसतं गप बसावं वाटलं गं, जरासं."

माझा हात त्याच्या खांद्यावर तसाच राहिला. पेरूवाली बाई आमच्याकडं बघत होती. मी बेल्ट लावला, इंडिकेटर दिला, मागून येणारी बस जाऊ दिली आणि गाडी रस्त्यावर घेतली. पुढच्या वळणावर विचारायचं नाही, त्याला गप्प बसू द्यायचं, असं मी मनाशी पक्कं ठरवलं.

वळण आलं. मी विचारलं.

"दुसरा," तो म्हणाला.